पाईप किती किलोचा

आमच्या घरमालक काकांनी मासे पाळले ते डॉक्टरच्या सांगण्यावरून. सरपंचकीला थोडक्यात पडले, तेव्हापासून त्यांचा बीपी खाली यायला तयार नव्हता. रोज अर्धा तास माशांकडे बघत बसा, असं डॉक्टर म्हणाले. काका अर्ध्या तासात भागवणारे नाहीत. त्यांनी बैठकीत कपाटाएवढी काचेची टाकी आणून ठेवली आणि अर्धा दिवस तिच्यासमोर बसू लागले.

मी त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. मूळचा कोकणातला, आठवीतून शाळा सोडलेला, शिवणकाम करत करत धारूरजवळच्या या गावात येऊन पडलो. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला, तेव्हा काकूंनी कुणाला तरी विचारून माझ्यासाठी पेज केली. पेजेला त्यांनी लसणाची फोडणी दिली होती. मी ती रडत रडत प्यायलो. तेव्हापासून या घरात मला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता येत नाही.

म्हणून काका जेव्हा म्हणाले, "तुमी समुद्राकडचे, तुमाला मासे कळतेत, टाकी तेवढी साफ करा," तेव्हा मी हो म्हणालो. माझी माशांशी ओळख फक्त ताटातली. मी मासे बादलीत काढले, टाकीतलं पाणी उपसलं, काच पुसली आणि चालतो का बघावं म्हणून फिल्टर कोरडाच चालू केला. थोडा वेळ तो घरघरला, मग जळका वास आला आणि तो बंद पडला. मी टाकी भरून मासे परत सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "असू द्या" म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले. काकूंनी बीपीची गोळी आणून दिली. मासे मेले तर काकांचं काय होईल, या विचारानं मी मोबाइल घेऊन बसलो.

तसला फिल्टर मागवायला दोन-तीन दिवस लागणार होते. शेवटी एक व्हिडिओ सापडला. कूलरच्या मोटरनं टाकीतलं पाणी वर बादलीत चढवायचं, बादलीत स्पंज आणि खडे ठेवायचे, आणि गाळलेलं पाणी पीव्हीसी पाईपनं परत टाकीत सोडायचं. कूलर घरात होता. पाईपासाठी मी धावतच शेती-सामानाच्या दुकानात गेलो.

"पाईप पायजे."

"किती किलोचा?" दुकानदारानं विचारलं.

पाईप वजनावर मिळतो हे मला नवीन होतं. पण शाळा सोडलेल्या माणसाला एक सवय लागते, कळलं नाही तरी मान हलवायची. मी अंदाज केला आणि म्हणालो, "अर्धा किलो द्या."

दुकानात चार शेतकरी बसले होते. त्यांनी माझ्याकडे माना वळवल्या.

"अर्धा किलो," दुकानदार म्हणाला. "वरून कोथिंबीर टाकू का?"

चौघंही फुटले. त्यांतल्या एकाला माझी दया आली. "किलो म्हंजी दाब, ओ शिंपी. पाईप किती जोर सोसतोय ते. चार किलोचा, सहा किलोचा. बोअर किती खोल हाय तुमचा?"

"बोअर न्हाई. मासे हायेत."

"शेततळ्यात?"

"बैठकीत."

मग सगळं सांगावं लागलं. काकांचं नाव निघताच दुकानदाराचं हसू थांबलं. निवडणुकीत तो दुसऱ्या पॅनेलचा होता. तो उठला, मागच्या आवारातून चार किलोच्या राखाडी पाईपाचा कापलेला तुकडा घेऊन आला, त्यावर नळफिटिंगचा एक पांढरा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, ठेवला आणि म्हणाला, "न्या. मी दिला म्हणून सांगू नका. त्यांचा बीपी वाढायचा."

घरी आल्यावर पाईप एल्बोत हलायला लागला. शेतीचा पाईप मिलीमीटरवर, नळाचा इंचावर. एक इंची म्हणवणारे दोघे जुळतातच असं नाही. बाही ढिली असली तर मी टाच मारतो. पाईपाला काय मारू? मी घरातली पाईप चिकटवायच्या सोल्युशनची डबी उघडली, तशा काकू नाकाला पदर लावून आल्या. "हा वास माशांला चढल की!" व्हिडिओतही ते एक दिवस वाळू द्या म्हणत होते. माशांकडे एक दिवस नव्हता.

काका इतका वेळ बघत होते. ते उठले. "रानात आमी पाचट पेटवून पाईप जोडतो. आना इकडं." त्यांनी पाईपाचं टोक गॅसवर धरून फिरवलं, मऊ झाल्यावर म्हणाले, "लाटणं द्या."

"माझं लाटणं? न्हाई!"

"माणसाच्या जिवापेक्षा लाटणं मोठं हाय का?"

"मासे हायेत ते!"

"मग माझा जीव म्हना," असं म्हणून त्यांनीच लाटणं उचललं आणि टोकात घुसवलं. टोक फुगलं. ते गरम असतानाच एल्बोत दाबून त्यांनी वर तांब्याभर पाणी ओतलं. घट्ट! मग विचारलं, "किती किलोचा हाय हा?"

"चार."

"डॉक्टर माझं दीडशे सांगतेत. म्हंजी माझ्यासमोर हा काहीच न्हाई."

मोटर लावली. बादली भरली, पाईपातून पाण्याची धार टाकीत पडली. आम्ही तिघं काचेला नाक लावून उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग एक मासा खाली गेला. मागून दुसरा. मग सगळेच.

काकांनी माझा दंड धरला. "बुडायलेत का काय, ओ?"

"न्हाई काका. खाली गेले म्हणजे बरं हाय."

त्यांनी खुर्ची ओढली, मला म्हणाले, "उभे कावून? बसा." माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, म्हणून मी सोफ्याच्या अगदी कडेवर बसलो.