आधी गाडीला बोलू द्या

ही गोष्ट सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं, कारण तिच्यात मी चांगला दिसत नाही.

दुर्गदबैलच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत एका मेकॅनिकचं गॅरेज. इंजिनात कसलाही आवाज आला की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, लाकडी मूठ कानाला, आणि डोळे मिटून विचारायचा, "अक्का, कुठं दुखतंय?" सगळ्या मोटरसायकली त्याच्या अक्काच. मालकानं तोंड उघडलं की हा हात वर करायचा. "थांबा हो अण्णा. आधी गाडीला बोलू द्या."

एका रविवारी, त्याचं बघून बघून आलेल्या शहाणपणात, मी वडिलांच्या जुन्या मोटरसायकलचे टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट, घरीच सेट केले. सोमवारी इंजिन टकटक वाजू लागलं. वडील मला घेऊन गॅरेजवर गेले आणि त्याच्यावर कडाडले, "मागच्या आठवड्यात तूच हात लावलास ना?"

त्यानं मूठ कानाला लावली, मग झाकण उघडलं. नटावर पकडीचे ओरखडे होते, आणि नटाला पकड लावणं तो पाप समजायचा. त्यानं माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं. "हौद्री अप्पा, होय," तो वडिलांना म्हणाला, "माझंच चुकलं."

वडिलांनी ते बाजारभर सांगितलं. त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मी गप्प राहिलो.

वडील गेल्यावर तीच गाडी घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो डोळे मिटून ऐकत होता. "त्या वेळी ते टॅपेट..." मी सुरुवात केली. त्यानं हात वर केला. "थांबा अण्णा. आधी अक्काला बोलू द्या."

मी थांबलो, तो कायमचाच. खरं सांगतो, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.