लाल बासनातले पुस्तक

आबामास्तर गेल्याची बातमी धर्माने आणली. खालापूरकडचा हा शेतकरी कर्जतच्या बाजाराला आला की माझ्या ओट्यावर टेकायचा आणि मास्तरांची चिठ्ठी हातात द्यायचा. त्या दिवशी तो टेकला नाही. "मास्तर गेलं, भाऊ," तो म्हणाला. "तापाचं निमित्त झालं. चार दिस झालं. तुमाला कोन सांगनार, म्हनून मीच आलो." फार त्रास झाला का, जवळ कोण होते, असे काही मी विचारले नाही. माझ्या तोंडून निघाले, "आणि त्यांचं पुस्तक?" त्या प्रश्नाची मला आज सहा आठवड्यांनीही लाज वाटते. पण खोटे कशाला बोलू, आजही मी तेच विचारले असते.

मास्तर खालापूरच्या मराठी शाळेत होते, मी कर्जतच्या. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. शाळा सुटली की ते आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाचा इतिहास लिहायला बसत, आणि तोही वादात हरलेल्यांचा. मी थट्टा करायचो, "मास्तर, खोपोलीला पाण्यावर वीज निघतेय आणि तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीची भांडणं कसली उकरून काढताय?" ते चिडत नसत. "ती भांडणं मिटली असती तर नसती काढली," ते म्हणत. "एकाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने उत्तर दिलं, तिसऱ्याने त्या उत्तरातली खोट दाखवली... हे ज्याला ठाऊक नाही, तो पुन्हा पहिल्याच चुकीपासून निघतो आणि तिला नवा विचार म्हणतो." मग हमखास लोकायतांवर येत. देव, परलोक, काहीच न मानणारे ते लोक. त्यांचे ग्रंथ गेले. ते काय म्हणत, हे आपल्याला कळते ते बहुतेक त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या पोथ्यांतून. कारण समोरच्याचे खंडन करण्याआधी त्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, नीट मांडायचा अशी जुनी रीत होती. "शत्रूच्या प्रामाणिकपणावर जगलेत रे बिचारे," मास्तर म्हणायचे, आणि घरातलेच कुणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

ही रीत त्यांनी पुस्तकातच ठेवली नव्हती. एका वर्षी धर्माचे आणि त्याच्या चुलतभावाचे पाण्यावरून वाजले. वरच्या खाचरवाल्या भावाने बांध घातला आणि खाली धर्माचा भात सुकायला लागला. दोघे विळे घेऊनच मास्तरांकडे आले. मी तिथे होतो. मास्तरांनी धर्माला सांगितले, "तुझं नंतर. आधी याचं म्हणणं तू सांग. त्याने मान डोलावली पाहिजे." धर्मा उखडला. "त्याचं मी कशाला सांगू? त्याला तोंड नाय?" मास्तर हलले नाहीत. शेवटी धर्मा सुरू झाला, "त्याचं म्हन्नं असं हाय, का गेल्या साली त्याचा आवा, भाताची समदी रोपं, वाया गेली, पोरं वरी खाऊन जगली... ह्या साली तो भितो." एवढे बोलून त्याने विळा खाली ठेवला. चुलतभाऊ खाली बघत म्हणाला, "बरुबर सांगतो रं." बांध त्याने त्याच दिवशी फोडला. दुसऱ्याचे म्हणणे धर्माइतके चांगले मांडणे मला आयुष्यात कधीच जमले नाही.

मास्तरांनी मलाही तेच करायला सांगितले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिले. ती एकुलती एक प्रत. "खोडून काढ," म्हणाले, "आणि जमलं तर एक नक्कल कर." मी जाड वही घेतली. डाव्या पानावर मास्तरांचे म्हणणे, उजव्या पानावर माझे आक्षेप. उजवी पाने मी मोठ्या हौसेने भरली. डावीकडे त्यांचे वाक्य अर्धे उतरवायचे आणि पुढे 'वगैरे' लिहून मोकळे व्हायचे. मास्तरांनी वही वाचून परत दिली. "उत्तरं झकास आहेत. पूर्वपक्ष लबाडीचा आहे. मला पाडायला सोपं जाईल एवढंच तू माझं घेतलंस." मला राग आला. मी पुस्तक परत पाठवले. नक्कल दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाऊन करू म्हणालो, त्यानंतर उन्हाळ्याच्या.

धर्मा बातमी सांगून परतला त्याच दुपारी मी खोपोलीची गाडी धरली आणि तिथून खालापूर गाठले. मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, दार उघडले. लहानपणीच विधवा झालेली ही बाई जन्मभर भावाचे घर सांभाळत आली. तिला अक्षरओळख नाही. पुस्तक असायचे त्या फळीकडे मी पाहिले. फळी रिकामी होती. मास्तर ते पुस्तक लाल बासनात बांधून ठेवत, उघडण्याआधी हात धुवत. "वाचणारा गेला, पोथी उघडी पडू नये," अक्का म्हणाली. "अस्थींबरोबर पाताळगंगेत सोडली. फुलं वाहून, नमस्कार करून सोडली रे." नास्तिकांचा इतिहास इतक्या भक्तिभावाने कुणी बुडवला नसेल. माझा चेहरा पाहून ती घाबरली. "दत्तू, चुकलं का रे माझं?" मी म्हणालो, "नाही अक्का. बरोबर केलंत." मास्तरांच्या घरात मी कधी इतके खोटे बोललो नव्हतो.

हल्ली सभांना जातो तेव्हा ऐकतो. वक्ता विरोधकाला मूर्ख ठरवतो, टाळ्या पडतात, विरोधक काय म्हणत होता हे कुणालाच ठाऊक नसते. पुढे हे सुधारेल असे मला वाटत नाही. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? मास्तरांच्या पुस्तकातले आता जगात जे काही उरले आहे, ते माझ्या वहीच्या डाव्या पानांवर आहे. हरलेल्यांसाठी ते जन्मभर झुरले आणि स्वतः माझ्यासारख्याच्या हाती सापडले. रोज सकाळी शाळेआधी मी ती वही उघडतो. 'मास्तर म्हणतात की मेल्यावर काही उरत नाही असे मानणाऱ्यानेही सत्य का सांभाळावे, तर वगैरे.' त्या शब्दापुढे टाक धरून बसतो. पुढे त्यांनी काय लिहिले होते ते आठवायचा फार प्रयत्न करतो. आठवते ते उजव्या पानावरचे माझे उत्तर.