बुळकांडीची सीलबंद बाटली

मोठमोठे तपास विसरलो, पण ती म्हैस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं होती. मी कलकत्त्यातच जन्मलेला मराठी माणूस, बागबाजारजवळच्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. मराठ्यांच्या स्वाऱ्या बंगाली माणूस अजून विसरलेला नाही, त्यामुळे आमचे हवालदार मला पाठीमागे ‘बर्गी’ म्हणत. म्हणा बापडे!

त्या साली शहरातल्या गोठ्यांमध्ये बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, शिरली. एका खबऱ्याने कळवलं, की एक जुना कंपाउंडर गवळ्यांना बनावट सीरम विकतो आणि जनावरं पटापट मरतायत. माझ्या साहेबांनी विचारलं, “गुरांच्या औषधाचं पोलिसांना काय?” औषध कायद्यात जनावरांची औषधंही येतात हे त्यांना पटवावं लागलं. मग औषध निरीक्षकांना घेऊन दुकानाची झडती घेतली, तर सगळा माल अस्सल! कोणीतरी त्याला आधीच सावध केलं होतं. गवळ्यांकडच्या बाटल्या टोचून रिकाम्या झालेल्या, आणि फोडलेल्या बाटलीवर खटला उभा राहत नाही.

न फोडलेली एकच बाटली निघाली, एका बिहारी गवळ्याकडे. त्याच्या एकुलत्या एक म्हशीला सकाळीच ताप भरला होता आणि तो सुई टोचणाऱ्याची वाट बघत बसला होता. मी बाटली मागितली.

“दारोगाबाबू, यही एक सहारा है,” तो म्हणाला.

“अरे, औषध खोटं असेल.”

“और सच्चा निकला तो?”

जप्तीचा अधिकार होता, पण हात पुढे होईना. खरं सीरम मिळवायला जिवाचं रान करीन, एवढंच म्हणालो. त्याने म्हशीच्या मानेवरून हात फिरवला आणि बाटली माझ्या हातात दिली. पंचांसमक्ष मोहोर लावून ती प्रयोगशाळेत गेली.

सरकारी पशुवैद्य डॉक्टर अस्सल सीरम घेऊन धावत आले. त्या गोठ्यात इतर गवळ्यांचीही गुरं होती, ती वाचली. आधीच ताप चढलेली त्याची म्हैस मात्र गेली. मला त्याच्यासमोर उभं राहवेना.

अहवाल आला. बाटलीत मिठाचं पाणी होतं, वासापुरतं कार्बोलिक. कंपाउंडरला उचललं. गडी गोडबोल्या.

“साहेब, रोगापुढे कुणाचं चालतं?”

त्याच्या स्वतःच्या दोन म्हशी भर साथीत धडधाकट होत्या आणि एक नवी आदल्याच दिवशी आणली होती, हे मी चौकशीत हेरलं होतं. म्हटलं, “मग असं करू. गवळ्यांना विकलंस त्यातलीच बाटली काढ. नव्या म्हशीला टोचू आणि आजारी गुरांत बांधू. औषध खरं आहे ना? भीती कसली?”

मी तसं काही करणार नव्हतो, पण गडी घामाघूम झाला. “ती नको, साहेब.” मग सगळंच बाहेर आलं. अस्सल सीरम तो आपल्या आणि बड्या मालकांच्या म्हशींना टोचायचा, रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून त्या गरिबांना विकायचा. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण आरोपीने काढून दिलेला माल टिकतो. भुशाच्या ढिगाखालून त्याने स्वतःच्या हाताने बाटल्या काढून दिल्या.

कोर्टात त्याच्या वकिलाने गवळ्याला डिवचलं, “बाटली पोलिसांना दिलीस म्हणून म्हैस मेली. त्याचा राग माझ्या अशिलावर काढतोस?”

“बाटलीत पाणी होतं हे आज कळतंय, हुजूर,” गवळी म्हणाला. “देताना माहीत नव्हतं. दारोगाबाबूंनी मागितली, म्हणून दिली.”

खाकी कपड्याला लोक घाबरतात, त्याची मला सवय होती. पण घरातलं सगळं पणाला लावून विश्वास ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. कायदा कशासाठी असतो, हे मला त्या दिवशी नीट उमगलं. गरिबाने हातात घेतलेली बाटली खरी असावी, एवढ्यासाठीच.

कंपाउंडरला शिक्षा झाली. बाहेर व्हरांड्यात मी गवळ्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, “भैया, तुझे उपकार फिटणार नाहीत.” तो ओशाळला. हात सोडवून घेत म्हणाला, “चुलत्याने एक पारडी दिली आहे, दारोगाबाबू. तिला सरकारी सुई मिळेल ना?”

डॉक्टरांना घेऊन मी त्याच दुपारी त्याच्या गोठ्यावर गेलो.