हनुवटीवरचा व्रण

माझ्या कादंबरीमालिकेच्या नायिकेला, वसुधाला, मी हनुवटीवर एक व्रण देऊन बसले आहे, माझ्यासारखाच. तो कशाचा, हे पहिल्याच भागात सांगून टाकावं की शेवटपर्यंत राखून ठेवावं? काही सुचत नाही.

आज मेथी पिशवीत टाकता टाकता भाजीवालीने विचारलं, "ताई, हनुवटीला काय लागलं होतं हो?"

"लहानपणी झोपाळ्यावरून पडले," मी म्हणाले.

घराकडे वळताना पाय रेंगाळले. झोपाळा आई सांगायची. बाबा म्हणायचे, "छे, उंबऱ्यावर आपटली ती!" दोघं त्यावरून हटकून भांडायचे आणि मला गंमत वाटायची. खरं काय, ते विचारायचं राहूनच गेलं. जखमेबरोबर तिची गोष्टही बुजून जाते की काय, कोण जाणे.

आता दोघंही नाहीत. वसुधाचं काय झालं ते ठरवायला निदान मी तरी आहे.