दर पाच मिनिटांनी येणारा ठसका

दानेश्वरीला जेवताना ठसका लागला की तिच्या आजी सावित्रम्मा म्हणायच्या, "जेवताना बोलू नगं म्हणलं की बोलतीसच." पोरगी एक शब्दही बोललेली नसायची.

घरचा रिवाज पक्का होता. ताटात वाढलं तो प्रसाद, त्यातलं शीतही सोडायचं नाही. शेवटी ताटात पाणी ओतून, हात फिरवून तेही प्यायचं. वळसंगहून सून होऊन सोलापुरात आलेली, बी.कॉम. शिकलेली शिवलीलाही लेकीला हेच सांगायची, "एवढं पिऊन टाक, दानू." पोरगी प्यायची आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकायची.

दानूला नवव्या वर्षापासून फिट्स येत. औषधं थकली तेव्हा, गेल्या वर्षी, पुण्यात डाव्या छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवलं. त्यातली तार मानेतल्या नसेला जोडलेली. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट करंट. फिट्स खरंच कमी झाल्या. पण सहा महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला आणि दोन्ही वेळा गावातल्या डॉक्टरांनी "हवा बदलली" एवढंच सांगितलं.

एका दुपारी आमटी मागताना दानूचा आवाज घोगरा झाला आणि त्याच घासाला ठसका लागला. करंट चालू झाला की आवाज बसतो, हे सगळ्यांना माहीत होतं. शिवलीला तीन दिवस घड्याळ घेऊन ताटाशेजारी बसली. ठसका येई तो घोगऱ्या अर्ध्या मिनिटातच.

तिने हे पुण्यात यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. डॉक्टर हसले. "ताई, नेटवर वाचलंत का?"

"नाही. ताटात बघितलं."

"अहो, आवाज बसतो ते ठीक. पण अन्न श्वासनलिकेत जाणं फार क्वचित. आई घाबरट असली की मूलही घाबरतं."

शिवलीलाने पिशवीतून डबा काढला. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही. "दानू, खा."

"इथं? लोक बघायलेत की."

"बघू देत. बारीक घास घे."

डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले. चौथ्या मिनिटाला दानूचा आवाज घोगरा झाला आणि घास अडकला. ती वाकून खोकत राहिली. शिवलीला पाठीवरून हात फिरवत होती. लेकीला असं मुद्दाम खायला लावल्याची लाज आणि लावावं लागल्याचा संताप, दोन्ही एकदमच.

डॉक्टर उठून आले. यंत्राची तपासणी झाली. करंट कमी केला. मग म्हणाले, "फिट आल्यावर फिरवायला चुंबक दिलंय ना, ते जेवताना यंत्रावर धरून ठेवा. तेवढा वेळ करंट बंद राहतो."

चुंबक वर्षभर कपाटात होतं.

"हे तेव्हाच का सांगितलं नाही?"

"हजारात एखाद्याला होतं हो."

"माझ्या घरात हजार नाहीत, डॉक्टर. ही एकच आहे. दोनदा ऑक्सिजनवर बघितलीय मी हिला."

डॉक्टर केसपेपर पुढे सरकवून म्हणाले, "या आता."

शिवलीलाने तो वाचला. करंट कमी केल्याचं लिहिलं होतं. कशासाठी, ते नव्हतं. तिने कागद परत टेबलावर ठेवला. "कारण लिहा. आणि गिळण्याच्या तपासणीची चिठ्ठी द्या."

"आई, जाऊ या की. मला भूक लागलीय."

"बस तू. सही व्हायचीय अजून."