झेनोबियाबाईंचे डेलिया

झेनोबियाबाईंच्या फुलं विकायच्या छत्रीशेजारी माझी खसखस लावलेल्या गोल पावांची गाडी लागते, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पोलंडमधल्या आमच्या क्राकुफ शहराच्या अख्ख्या चौकात एवढी तिरसट बाई दुसरी नाही, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगत आलोय. दरीतल्या गावाहून सकाळच्या पहिल्या बसने बादल्या घेऊन यायच्या. फुलं स्वतःच्या परसातली. कुणी पाकळीला बोट लावलं की म्हणायच्या, "नुसतं बघायचं असेल तर राजवाड्यात जा. तिथे तिकीट आहे."

त्यांचा एकुलता एक मुलगा रादोस्वाव नॉर्वेत. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तो मातीला आला नाही. बाईंनी फोनवर ठणकावलं, "आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!" त्या दिवसापासून पस्तावत होत्या, पण फोन काही केला नाही. हे मला ठाऊक, कारण त्यांचं रडणं माझ्याच गाडीच्या आडोशाला व्हायचं.

गेल्या सप्टेंबरात त्याचं पत्र आलं. बायकोला घेऊन शनिवारी येतोय, हॉटेलात उतरू, शहर बघू, रविवारी गावी बाबांच्या थडग्यावर जाऊ. घरी येण्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

"मग तुम्हीच बोलवा की," मी म्हटलं.

"मी का म्हणून? आई मी आहे का तो?"

"आई कोण ते राहू द्या. जीव कुणाचा तुटतोय ते बघा."

"क्लेमेन्स, तुझे पाव करपतायत."

माझे पाव थंडगार होते.

शनिवारी दोघं आले. घोडागाडीतून चौकाला फेरी मारली. गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा बाई बादलीत डोकं खुपसून बसल्या. मग ती दोघं चर्चमध्ये गेली, मग जुन्या कापडबाजारात. दोन तास झाले. तेवढ्या वेळात बाईंनी एका गिऱ्हाइकाच्या हातात फुलांऐवजी कात्री दिली.

शेवटी तो समोर येऊन उभा राहिला. कानशिलावरचे केस पांढरे झालेले. बायको चार पावलं मागे.

"आई, डेलिया हवेत."

बाईंनी मान वर केली नाही. थडग्यासाठीच नेणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाला सम फुलं आणि जित्या माणसाला विषम, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी सहा लाल डेलिया निवडले, दोरा गुंडाळला आणि पुढे केले.

रादोस्वावने ते मोजले, मोठ्याने, शाळेतल्यासारखे. मग एक काढून परत बादलीत ठेवला.

"बाबांची फुलं उद्या नेईन," तो म्हणाला. "ही आज जेवायला जायचंय तिथे न्यायची आहेत. रिकाम्या हाताने कसं जाणार?"

"कुणाकडे?" बाईंचा आवाज चिरकला.

"तेच विचारायला आलोय. तिने मला दारात यायला बंदी केलीय."

बाईंनी पाचही फुलं त्याच्या हातातून हिसकावून घेतली. मी अडवायला पुढे सरसावलो. पण त्यांनी ती छातीशी घट्ट धरली, इतकी की पाकळ्या चुरगळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पाकळ्यांचं काही वाटलं नाही.

"घरात बीटाचं सार आहे नुसतं," त्या रडत रडत म्हणाल्या. "तुझ्या बायकोला चालेल का रे?"