हरणांच्या सुधाकाकू

मटणाच्या रश्शातली नळी वाटीत आली की सुधाकाकू आधी ती खिडकीच्या उजेडात धरून आतली मज्जा बघायच्या आणि मगच तोंडाला लावायच्या. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा मला वाटलं, बाईंना खाटकाचा संशय येतोय. "सवय गं बाप्पा," त्या म्हणाल्या. "मेलेल्या हरणाचं मांडीचं हाड फोडून पाहते ना मी. आतलं पांढरं, घट्ट असलं तर ते दुसऱ्या कशाने गेलं. लाल, पाणचट असलं तर भुकेने." मी माझ्या वाटीतली नळी हळूच बाजूला सारली. त्यांनी ती लगेच उचलून स्वतःच्या वाटीत घातली.

कोलोरॅडोच्या डोंगरातल्या त्या लहानशा गावात मी २००१ साली शिकायला गेले. मराठी घर एकच, त्यांचं. काकू मूळच्या नागपूरच्या, राज्याच्या वन्यजीव खात्यात म्यूल डिअरचे, म्हणजे खेचरासारखे लांब कान असलेल्या हरणांचे कळप सांभाळायच्या. पानगळीत शिकारीची किती लायसन्स द्यायची, हे त्यांच्या शिफारशीवर ठरायचं. हरणांवर जीव टाकणारी बाई त्यांच्याच शिकारीची लायसन्स वाटते, हे मला काही पचेना. तसं म्हटलं की त्या चिडायच्या. "डोंगर मोठा दिसतो गं. पण बर्फ पडला की सगळी खाली एवढ्याशा उतारावर येतात. तिथली झुडपं जेवढ्यांना पुरतात, तेवढीच जगतात. जास्तीची भुकेने झिजून मरण्यापेक्षा शिकारीत गेलेली बरी."

दोनेक वर्षांनी असा हिवाळा आला की ती झुडपंही बर्फाखाली दिसेनाशी झाली. बरगड्या निघालेली हरणं रस्त्याच्या कडेला येऊन नुसती उभी राहायची. त्यांचे फोटो डेन्व्हरच्या आपल्या मंडळींपर्यंत पोहोचले. झालं! भुकेला जीव दिसला की वाढायला धावणारी आपली माणसं ती. या वर्षी संक्रांतीचं वाण म्हणून स्टीलच्या वाट्या नकोत, चारा द्यायचा असं बायकांनी ठरवलं आणि शनिवारी सकाळी गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक काकूंच्या दारात येऊन उभा राहिला.

"काकू, फक्त कुठे टाकायचं ते सांगा," ट्रक चालवत आलेला मनोज म्हणाला.

"कुठेच नाही."

"अहो, डोळ्यांसमोर मरतायत यार ती!"

काकूंनी वाद घातला नाही. त्यांच्या पिकअपमध्ये एक मेलेलं पाडस होतं. कुणीतरी दयाळूपणे गवत टाकलं होतं, तिथूनच उचलून आणलेलं. सगळ्यांसमोर त्यांनी त्याचं पोट फाडलं. आत गच्च गवत होतं. "पोटभर खाऊन उपाशी मेलंय हे," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात यांचं पोट काटक्यांना सरावलेलं असतं. एकदम गवत घातलं तर पोट भरतं, अंगी लागत नाही."

शेवटी तिळगूळ आमच्या हातावर ठेवून मनोजने ट्रक एका घोडेवाल्याकडे नेला. मंडळी गेल्यावर काकू चहाचं आधण ठेवायला वळल्या आणि तिथेच रडायला लागल्या. "मला तरी काय बघवतं गं हे?"

बर्फ वितळल्यावर मोजणी झाली तेव्हा कळप पार रोडावला होता. पाडसं जवळजवळ उरलीच नव्हती. गावच्या सभेत काकूंनी सांगितलं, माद्यांची शिकार पूर्ण बंद आणि नरांची लायसन्सही अगदी थोडी. शिकाऱ्यांना डोंगरात नेण्यावर पोट असलेला अर्ल ताडकन उठला. "मारली हिवाळ्याने आणि शिक्षा आम्हाला?"

"हिवाळा माझं ऐकत नाही. तू ऐकशील म्हणून तुला सांगतेय," काकू म्हणाल्या. "कळप सावरला की लायसन्स वाढवा म्हणून मीच इथे उभी राहीन."

"एकदा बंद झालेलं पुन्हा उघडत नाही," असं म्हणून तो दार आपटून निघून गेला. पुढची काही वर्षं तो काकूंना रस्त्यात ओळख देत नव्हता. त्याने आपले निम्मे घोडे विकले, तेव्हा काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

मग हिवाळे जरा बरे गेले. काकू हेलिकॉप्टरमधून मोजणी करून परतल्या की मी आधी त्यांचा चेहरा बघायची. २००७ साली, दूरच्या शुगर लँड शहरातल्या नोकरीवर जाण्यासाठी मी सामान बांधत होते, तेव्हा त्या फुललेल्या चेहऱ्याने आल्या. "माद्यांमागे जुळी पाडसं पळतायत गं!" आणि त्याच दमात म्हणाल्या, "आता लायसन्स वाढवायची."

मला राग आला. "आत्ता कुठे सावरलीयत ती, काकू!"

"म्हणूनच. मी शब्द दिलाय."

सभेला मीही गेले. लायसन्स वाढवायची शिफारस काकूंनी वाचून दाखवली आणि मागून अर्ल उभा राहिला. या खेपेला त्याचा आवाज चढला नव्हता. टोपी हातात धरून तो म्हणाला, "आम्ही आणखी एक वर्ष थांबलो तर चालेल? परवा डोंगरात पाडसं पाहिली मी."

काकूंचे डोळे भरून आले, पण त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. "तू शिकारीला जा, अर्ल. यंदा तू गेलास, तरच पुढच्या वाईट हिवाळ्यात मी थांब म्हटल्यावर थांबशील."